वरच्या खोलीतला आईचा आवाज

टिल्लू सहा फूट उंच, चाळिशी उलटलेला, डोक्यावरचे केस मागे हटायला लागलेले. पण आईने लहानपणी ठेवलेलं नाव काही सुटलं नव्हतं. त्या नावाने हाक मारणारी आईच मात्र मुकी झाली. घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलून पगार मिळवलेली बाई ती! तिच्यावर ही वेळ यावी?

टिल्लू पडला प्रोग्रामर, वरच्या खोलीत बसून काम करणारा. त्याने आईसाठी दोन प्रोग्राम लिहिले. एक खाली, आईच्या टॅबवर: तिने टाइप करायचं आणि बटण दाबायचं. दुसरा वर, त्याच्या कॉम्प्युटरवर: पडद्यामागे अखंड चालणारी एक सर्व्हिस. तिला ना खिडकी, ना बटण. खालून निरोप आला की तिने तो स्पीकरवर मोठ्याने म्हणायचा, एवढंच तिचं काम. निरोप पोचला की आईच्या टॅबवर हिरवी खूण उमटायची. एकही निरोप हरवू नये म्हणून टिल्लूने सर्व्हिसला ते रांगेत लावून ठेवायला शिकवलं होतं. पहिल्याच दिवशी स्पीकर बोलला, "टिल्लू, जेवायला चल," आणि हा बाप्या खुर्चीत बसून ढसाढसा रडला.

पुढे काही महिने घर गजबजलेलं राहिलं. मग आई अचानक गप्प झाली. निदान टिल्लूला तसं वाटलं. वर आवाज येईना. जेवताना ती मान खाली घालून जेवायची, टॅब खोलीतच ठेवून यायची. "बरी आहेस ना?" असं विचारलं की नुसती मान हलवायची. विचारणाऱ्याचं तरी लक्ष कुठे होतं? अर्धं ताटात, अर्धं फोनमध्ये. 'रुसली असेल कशावर तरी, येईल ताळ्यावर,' असं मनाशी म्हणून तो पुन्हा जिना चढायचा. सर्व्हिस चालू आहे ना, हे मात्र त्याने आठवणीने पाहिलं. चालू होती. झालं, विषय संपला! आईच्या खोलीत दोन मिनिटं बसून नीट विचारावं, एवढं काही त्या शहाण्याला सुचलं नाही.

अशात थोरल्या बहिणीचा, ताईचा फोन आला. "आईला माझ्याकडे नेतेय, कायमची. तिनेच कळवलंय, न्यायला ये म्हणून." टिल्लू बोलला काय? "तिची इच्छा असेल तर मी कोण अडवणारा?" एवढं म्हणून फोन ठेवून दिला. आईला आपल्या घरात राहावंसं वाटत नाही, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं.

शनिवारी सकाळी ताई गाडी घेऊन दारात हजर. आई बॅग भरून खुर्चीत बसलेली. ताई म्हणाली, "अरे, तो बोलायचा प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर घालून दे की. तिथे काय मुक्याने बसेल ती?"

टिल्लू वर गेला. प्रोग्राम काढून द्यायला म्हणून त्याने सर्व्हिस उघडून पाहिली आणि कपाळावर हात मारला. सर्व्हिस चालू होती, पण एकाच जागी रुतून बसली होती. मागे एका मीटिंगसाठी त्याने तासभर स्पीकर काढून हेडफोन लावला होता. नेमका तेव्हा आईचा निरोप आला असणार. स्पीकर मिळेना, म्हणून सर्व्हिसने एक चौकट उघडून विचारलं होतं, 'स्पीकर सापडत नाही. पुढे जाऊ का?' चाचणीसाठी ही चौकट त्यानेच घातली होती आणि काढायची राहून गेली होती. पण पडद्यामागच्या सर्व्हिसची चौकटही पडद्यामागेच उघडते, ती कुणाला दिसणार? बिचारी उत्तराची वाट बघत ताटकळली होती. खालून येणारा प्रत्येक निरोप मात्र इमानदारीत घेत होती, हिरवी खूण देत होती आणि रांगेत लावत होती.

टिल्लूने चौकट उडवली आणि सर्व्हिस पुन्हा चालू केली. स्पीकर खरखरला आणि एकसुरी आवाजात बोलायला लागला.

"चहा टाकतोयस का? मलाही घोटभर दे."

"डोळ्यांचे थेंब सापडत नाहीत रे."

"टिल्लू, ऐकतोयस ना?"

"कामात असशील. राहू दे."

"आज जरा घाबरल्यासारखं होतंय. खाली येतोस?"

"बरं वाटतंय आता. नको येऊस."

टिल्लू उभाच राहिला. स्पीकर बोलतच होता.

"ताई बोलावतेय. जाऊ का? तू नको म्हणालास तर नाही जाणार."

"काहीच बोलत नाहीस. बरं, जाते."

"बॅग भरली. जिना चढवत नाही, नाहीतर आले असते. जाताना भेटशील ना?"

टिल्लू दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आला. आईसमोर बसला आणि तिचे दोन्ही हात धरले. "नको," तो म्हणाला. "नको जाऊस. तू विचारलं होतंस ना? मला आत्ता ऐकू आलं, आई. आत्ता."

आईने हात सोडवून घेतला आणि टॅब त्याच्यापुढे धरला. एकेका निरोपासमोर हिरवी खूण होती.

"ती नुसती पोचल्याची खूण," टिल्लू म्हणाला. "ऐकल्याची नाही गं. माझीच चूक आहे."

आईने टाइप केलं. वरच्या खोलीतून, जिन्यावरून आवाज आला, "मला वाटलं, ऐकून गप्प बसतोस."

ताईने ओढणीने डोळे पुसले. आईने बराच वेळ काहीबाही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग वरून आवाज आला, "ताई, बॅग आत ठेव. टिल्लू, चहा टाक. त्या दिवशीचाही राहिलाय."

"म्हणजे मी एवढी गाडी हाकत आले ती चहा प्यायला?" ताई रडता रडता हसली.

टिल्लू "हो" म्हणाला. चांगलं मोठ्याने म्हणाला, आईला ऐकू जाईल असं.