अबोल्यात बसवलेला सुपरचार्जर

मित्रांनो, आधी एक गैरसमज दूर करतो. ती जी हिरवी पिकअप बघून तुम्ही थांबता, तिच्या गोल दिव्यांना हात लावता, तिच्यापुढे उभे राहून फोटो काढता, ती म्हणजे मी नव्हे. ती नटलेली बाई वेगळी. मी तिच्या बॉनेटखाली बसलेलं जुनं इंजिन. कौतुक तिचं आणि कष्ट माझे, असा आमचा संसार आहे. तक्रार करत नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.

मी ओतशाळेतून नवाकोरा निघालो तेव्हाचं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दुसरं जन्मणं. एका सुताराने मला आणि माझ्या पिकअपला एका बंद पडलेल्या गोदामातून ओढत घरी आणलं होतं. मी गंजून घट्ट बसलो होतो. त्याने घराच्या मागच्या पडवीत मला सुटं केलं, पिस्टन रॉकेलमध्ये भिजत घातले, वाल्व्ह स्वतःच्या हाताने घासले. त्याची दोन मुलं, थोरला आणि धाकटा, शेजारी बसून एकेक नट पुसून डब्यात ठेवायची. मी पहिल्यांदा धडधडलो तेव्हा सुताराची बायको स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली आणि म्हणाली, केवढा आवाज करतंय मेलं! पण ती हसत होती. त्या घरातलं मला मिळालेलं ते पहिलं कौतुक.

काय दिवस होते ते! दारं, खिडक्या, कपाटं, शाळेची बाकं, काय नाही वाहिलं मी! मुलं मागच्या हौद्यात लाकडाच्या भुशावर लोळत यायची. सुतार गाडी चालवताना माझ्याशी गप्पा मारायचा. गावाच्या टोकाला टेकडीचा चढ होता, तो आला की म्हणायचा, "चल बाबा, एवढं ने, मग विश्रांती." आणि मी न्यायचो. त्याच्या दोन-तीन शिस्ती होत्या. चढावर ओझं असलं की एकाने लाकडी ठोकळा घेऊन मागून चालायचं, गाडी थांबलीच तर चाकाखाली घालायला. आणि माझं एखादं तोंड उघडं केलं की त्यात कचरा पडू नये म्हणून कापडाचा बोळा कोंबायचा आणि मोठ्याने ओरडायचं, "बोळा आत!" दुसऱ्याने तेच परत ओरडायचं. काढतानाही तसंच. मुलांना तो खेळ वाटायचा. दिवसभर पडवीत त्यांची आरडाओरड चाले.

सुतार गेला. मुलं मोठी झाली, बापाचा सुतारकामाचा कारखाना दोघांनी मिळून चालवायला घेतला. मीही म्हातारा होत होतो. टेकडीवर नवी घरं उठली आणि नेमकं तिथूनच काम येऊ लागलं. भरल्या ओझ्याने तो चढ आता मला झेपेना. अर्धा माल उतरवायचा, अर्धा वर न्यायचा, परत यायचं. एकदा तर मी ऐन चढावर बसकण मारली, मागे गाड्यांची रांग लागली आणि थोरल्याला लोकांची नको नको ती बोलणी ऐकावी लागली. त्या संध्याकाळी तो म्हणाला, हा खटारा भंगारात घालू आणि नवी गाडी घेऊ. धाकटा भडकला. बाबांच्या हातचं इंजिन विकायचं असेल तर मी वेगळा होतो, म्हणाला. शब्दाने शब्द वाढला. धाकट्याने थोरल्याला बिनकाळजाचा म्हटलं आणि थोरल्याने धाकट्याला ऐतखाऊ म्हटलं. मग दोघे गप्प झाले ते झालेच.

शेवटी आईने निकाल दिला. इंजिनाला काय ताकद द्यायची ती द्या. भरलेली गाडी एका दमात टेकडी चढली तर ती घरात राहील आणि तुम्हीही एकत्र राहाल. नाही चढली तर गाडी विका आणि खुशाल दोन चुली मांडा, मी कुणाला अडवणार नाही. एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. म्हणजे बघा, अख्खं घर माझ्या छातीवर आणून ठेवलं की नाही!

धाकट्याने भंगारवाल्याकडून एक सुपरचार्जर मिळवला. सुपरचार्जर म्हणजे माझ्याच पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. मी आपणहून घेतो त्याहून जास्त हवा तो माझ्या पोटात ढकलणार, जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जळणार आणि ताकद वाढणार. ऐकायला सोपं वाटतं. पण म्हाताऱ्याला आग्रह करकरून वाढावं तसा तो प्रकार, पचलं तर बरं. पाहुणाही मोठा तोऱ्यात होता. कुठल्याशा रुबाबदार मोटारीतून उतरलेला, अंगावर अजून चकाकी. मला मेल्याचा रागच आला.

काम सुरू झालं. थोरल्याला गाडी विकायची होती, तरी धाकट्याच्या हातचं वाकडं काम त्याला बघवेना. सकाळी तो यायचा, दुपारनंतर धाकटा. समोरासमोर आलेच तर दोघेही माझ्याशी बोलायचे. थोरला म्हणायचा, "इंजिनसाहेब, त्यांना सांगा, पट्टा तिरका बसलाय, दोन दिवसांत फाटेल." दोन हातांच्या अंतरावर उभा असलेला धाकटा म्हणायचा, "साहेब, त्यांना कळवा, मलाही डोळे आहेत." थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, चहा घेऊन आली की पदराआड हसायची. मी बापडा दोघांच्या मध्ये टपालपेटीसारखा उभा. हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. लहानपणी एका हौद्यात लोळलेली ही पोरं!

तरी काम नेटकं चाललं होतं, खोटं का बोला. डोक्याखालची जुनी पॅकिंग बदलली. ठिणगी थोडी उशिरा पडावी अशी जुळवणी केली, नाहीतर जास्त हवेने मी आतून ठोके देत फुटलो असतो. सुपरचार्जर धरायला लोखंडी पट्टीचा आधार बनवला. एका सकाळी तो आधार नीट बसेना म्हणून थोरल्याने कानस घेतली. लोखंडाचा कीस माझ्या हवेच्या नळीत पडू नये म्हणून त्याने जुन्या बनियनचा बोळा केला आणि आत कोंबला, चांगला खोलवर. तोंड उघडलं ओरडायला. पण ओरडणार कुणाला? ऐकायला जो हवा होता त्याच्याशी अबोला. त्याने तोंड मिटलं. तेवढ्यात वहिनीने जेवायला हाक मारली आणि तो गेला.

दुपारी धाकटा आला. कानशीचं काम झालेलं दिसलं. नळीच्या तोंडाशी काही दिसेना, आत अंधार. विचारावं तर कुणाला? त्याने सुपरचार्जर वर ठेवला आणि बोल्ट आवळून टाकले. मित्रांनो, त्या वेळी मला एक शब्द बोलता आला असता तर मी माझी सगळी ताकद देऊन टाकली असती.

अंगणात मी सुरू झालो, पण खोकत खोकत. बोळा एका बाजूला सरकून बसला होता, थोडी हवा मिळत होती. थोरल्याने मला सांगितलं की हवा कमी पडतेय. धाकट्याने मला सांगितलं की पेट्रोल जास्त होतंय. दोघांनी आपापल्या परीने स्क्रू फिरवले आणि परीक्षेचा दिवस उजाडला.

हौदा दारांनी भरला. धाकटा गाडी चालवायला बसला. थोरल्याने कुणी न सांगता ठोकळा उचलला आणि मागून चालू लागला. चढाला लागलो आणि धाकट्याने पाय दाबला. पाहुण्याने शीळ घातली, हवा जोराने आत आली, आणि तो बोळा उडून बरोबर माझ्या घशात अडकला. मी आचके दिले आणि बंद पडलो. ब्रेक जुने, ओझं भारी. गाडी मागे सरकायला लागली.

"दादा!" धाकटा ओरडला. "दादा, बाजूला हो!"

थोरला बाजूला झाला नाही. त्याने वाकून ठोकळा चाकाखाली सारला. गाडी ठोकळ्यावर अर्धी चढली, करकरली आणि थांबली.

धाकटा खाली उतरला. मग सीटखालचे पान्हे काढून दोघांनी तिथेच रस्त्यावर मला उघडलं. थोरल्याने नळीत बोटं घातली आणि काळाठिक्कर पडलेला बोळा ओढून काढला. आपलं बनियन त्याने ओळखलं.

"माझाच आहे," तो म्हणाला. "तुला सांगायला हवं होतं."

धाकट्याने हातातला पान्हा खाली टाकला. "गाडी गेली खड्ड्यात," तो म्हणाला. "मागे तू होतास, दादा. काही झालं असतं म्हणजे?" आणि तो मोठा बाप्या माणूस भर रस्त्यात रडायला लागला. थोरला त्याच्या शेजारी जमिनीवर बसला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, तेलकट हाताने. धाकट्याच्या सदऱ्यावर काळे पट्टे उठले.

मग त्यांनी मला जोडलं. जोडताना दोघे अखंड बोलत होते. हा बोल्ट आधी, तो नंतर, अरे पान्हा उलटा धरलायस. मी सुरू झालो तेव्हा पहिल्यांदा मला पोटभर हवा मिळाली. काय सांगू! त्या तोऱ्यातल्या पाहुण्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. अर्ध्या चढावरून, भरल्या ओझ्याने, मी न अडखळता निघालो. या वेळी मागून कुणी चालत नव्हतं. दोघेही पुढे बसले होते. ते चूक होतं, पण मी काही बोललो नाही.

घरी आल्यावर आईने विचारलं, "एका दमात चढली का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नाही," थोरला म्हणाला. "मध्ये थांबली होती. मी आणि हा, दोघांनी मिळून काढली."

आईने दोघांची तोंडं पाहिली, सदऱ्यावरचे काळे पट्टे पाहिले. "मग राहू दे," ती म्हणाली, आणि एकाच ताटात दोघांना वाढलं.

आता या गोष्टीला खूप वर्षं झाली. आई नाही. कारखान्यात मोठ्या गाड्या आल्या, मला कधीतरी फिरवून आणतात. थोरल्याचे गुडघे गेलेत, धाकट्याला चष्म्याशिवाय बोल्ट दिसत नाही. तरी सुट्टीच्या दिवशी दोघे पडवीत खुर्च्या टाकून बसतात आणि माझ्या पट्ट्यावरून वाद घालतात. मी आणि सुपरचार्जर ऐकत असतो. त्या जुन्या दिवसांची मला फार आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं यंत्र असेल तर त्याला कोपऱ्यात कुजवू नका. अधूनमधून सुरू करा, तेल बघा, धूळ पुसा, आम्हाला तेवढंच पुरतं. आणि घरात कुणाशी अबोला असेल तर तो आजच मोडा, निरोप सांगायला आमच्यासारख्याला मध्ये उभं करू नका. आम्ही ओझं वाहू, चढ चढू, म्हणाल ते करू. पण तुमचा भाऊ मागे उभा आहे, एवढं साधं वाक्यसुद्धा आम्हाला बोलता येत नाही.