कालव्यापलीकडच्या गल्ल्या

क्लाइव्हने नकाशाचं सुटलेलं टोक पुन्हा फळ्यावर दाबून धरलं.

“कालवा ही सीमा होऊच शकत नाही, मॅडम,” तो म्हणाला. “पलीकडच्या गल्ल्या कितीतरी वर्षं याच मतदारसंघात आहेत. तिथली माणसं रोज अलीकडे येतात.”

मागच्या फेररचनेच्या सुनावणीत त्याने नेमकं उलट सांगितलं होतं. तेव्हा त्या गल्ल्या विरोधकांना मतं देत. आता त्याच्या पक्षाला देत होत्या. त्या गेल्या, तर लीड्समधली ही जागा जाणार होती, आणि जागेबरोबर पक्षाच्या कचेरीतली त्याची नोकरीही.

“मागच्या खेपेला हाच कालवा तुला समुद्राएवढा दिसला होता,” विरोधी पक्षाची नोरीन बसल्या जागेवरून म्हणाली.

“आणि तुला गटाराएवढा.”

हसायचं त्राण दोघांच्याही अंगात नव्हतं. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

“त्या गल्ल्यांमधलं कुणी आलंय का?”

सकाळपासून कुणीच आलं नव्हतं. आता मागच्या रांगेतून एक म्हातारी खुर्चीचा आधार घेत उठली.

“मी एथेल ऑल्ड्रॉइड. कालव्यापलीकडे राहते.”

“खरेदीला, दवाखान्यात कुठे जाता आपण? अलीकडे की पलीकडे?”

“कुठ्ठेच नाही. बस बंद केली ना आमची. दूध-पाव शेजारीण आणून देते.”

क्लाइव्हची नजर तिच्या चिखलाने माखलेल्या बुटांवर गेली.

“मग आज कशा आलात, आजी?”

“चालत. पुलावरून. वाटेत दोनदा बसले.”

तो झटकन वळला. “हे लिहून घ्या, मॅडम! या वयात, या गुडघ्यांनी, कालवा ओलांडून आल्यात. यापेक्षा घट्ट नातं कुठलं?”

बाईंनी लिहून घेतलं. नोरीनने पेनाला टोपण लावलं. मुद्दा हातचा गेला होता.

म्हातारी उभीच होती.

“झालं लिहून?” तिने विचारलं. “मग बस कधीपासून सुरू होणार?”

अधिकारी बाईंनी क्लाइव्हकडे पाहिलं. त्याने नकाशाकडे.

“बसचं इथे ठरत नाही, आजी,” शेवटी तो म्हणाला. “इथे नुसत्या रेषा ठरतात. थांबा, मी गाडीने सोडतो तुम्हाला.”

“आज सोडशील रे बाळा. सोमवारी मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय.”

क्लाइव्ह नकाशाची गुंडाळी करू लागला.

“किती वाजता?” नोरीनने विचारलं.