डावा गाल उद्या

डोंगराचा कडा खाली आला, तेव्हा पोस्टमनच्या उजव्या गालाची दाढी झाली होती आणि डाव्या गालावर नुसताच फेस होता.

सलून एका इमारतीच्या तळघरात होतं. आत दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, पाण्याचं पिंप आणि वर छताला लागून जाळीची बुटकी खिडकी. मोठा आवाज झाला, दिवे गेले, आणि धूळ खाली बसली तेव्हा पायऱ्यांच्या जागी दगडमाती येऊन बसली होती. खिडकीही बुजली. फक्त एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट राहिली आणि तिच्यातून उजेडाची एक काठी तिरकी आत आली.

आत तिघं अडकले होते. सलून चालवणारा जावई, खुर्चीतला पोस्टमन आणि जावयाच्या सासूबाई. सासूबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. डबा हे निमित्त. दुकान कसं ठेवलंय ते बघून मुलीच्या कानावर घालायचं, हे खरं काम.

"जावईबापू," धुळीतून त्यांचा आवाज आला, "पिंपावर झाकण नाही. मी मागेच सांगितलं होतं."

"आई, तुम्हाला कुठे लागलं का?"

"झाकण असतं तर पाणी गढूळ झालं नसतं."

म्हणजे लागलं नव्हतं.

पोस्टमनने गालावरचा फेस चाचपला. "आणि माझी ही बाजू?"

जावयाने वस्तरा पुसून, मिटून खिशात ठेवला. "डावा गाल उद्या. बाहेर गेल्यावर. असल्या उजेडात मी काम करत नाही."

"आणि बाहेर गेलोच नाही तर?"

"माझ्या दुकानातून अर्धी दाढी घेऊन आजवर कोणी गेलेलं नाही, दादा. तुमच्यापासून सुरुवात करू का?"

पोस्टमनने टॉवेलने गालावरचा फेस पुसला. पण त्या दिवसापासून रोज सकाळी उजेडाची काठी आत आली की तो विचारी, "आज का?" आणि जावई म्हणे, "उद्या."

डबा पहिल्याच दिवशी संपला. पाणी मात्र जपून वापरायचं होतं. केसांवर पाणी मारायच्या बाटलीचं टोपण हे माप. प्रत्येकाला टोपणभर, तेही सासूबाई सांगतील तेव्हाच. आणि सासूबाई सांगत प्रार्थना झाल्यावर.

त्यांच्या प्रार्थनेला क्रम होता. त्यांच्या आईने लावून दिलेला. आधी समोर जे आहे त्याबद्दल आभार. मग अनोळखी लोकांसाठी मागायचं, मग शेजाऱ्यांसाठी, मग घरच्यांसाठी. स्वतःसाठी अगदी शेवटी, तेही वेळ उरला तर. लहानपणापासून त्यांचा वेळ कधी उरला नव्हता. जावई देवाच्या वाटेला जात नसे. सासूबाईंची प्रार्थना चालू असताना तो अंधारात कंगवे पुसत बसे. पण ती संपली की दिवस सुरू झाला, असं त्यालाही वाटू लागलं होतं.

मग एका सकाळी काठी आत आली आणि सासूबाई गप्पच राहिल्या.

जावयाने टोपण पुढे केलं. त्यांनी हाताने बाजूला सारलं. "मला नको. तुम्ही दोघं घ्या. तरुण आहात."

"आई, प्रार्थना राहिली."

"ऐकायला कोणी असलं तर ना." त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. "इतके दिवस झाले."

दुपारीही त्यांनी पाणी घेतलं नाही. बाहेर जावयाची बायको उभी असणार आणि पहिला प्रश्न 'आई कुठे आहे?' हाच असणार. त्याने पिंपाच्या झाकणाचा विषय काढून पाहिला. उत्तर नाही. दुकानात जळमटं आहेत, असं स्वतःच कबूल केलं. तरी उत्तर नाही. आता मात्र तो खरोखर घाबरला. शेवटी तो खुर्चीसमोर गुडघे टेकून बसला.

"हे काय?" पोस्टमनने विचारलं.

"मी बोलून बघतो. नव्या गिऱ्हाइकाकडे जरा जास्त लक्ष देतात." त्याने घसा खाकरला. "देवा, आधी मी. मला बाहेर काढ. एक नवी खुर्ची दे, वरखाली होणारी. मग हे पोस्टमनदादा. अनोळखी लोक त्यांचं ते बघतील. आणि सासूबाईंना तुझ्याकडे यायची घाई झालीय, तर त्यांना..."

"रांग मोडलीत." भिंतीकडून आवाज आला.

जावई दचकला, पण थांबला नाही. "...त्यांना घेऊन जा. तिकडे पिंपांना झाकणं आहेत का, तेवढं त्या बघतील."

सासूबाई उठून बसल्या. "देवाशी असं बोलतात? आभार कुठे गेले? सरळ स्वतःपासूनच सुरुवात?"

"आभार कशाचे मानू, आई? समोर काय आहे?"

"पाणी आहे. फट आहे. या बिचाऱ्याचा एक गाल तरी गुळगुळीत आहे." त्यांनी हात पुढे केला. "आणा ते टोपण. कोरड्या घशाने तुम्हाला शिकवणं माझ्याच्याने व्हायचं नाही."

जावयाने इतक्या घाईने टोपण भरलं की थोडं पाणी सांडलं. त्याबद्दलही बोलणी बसली.

मग शिकवणी सुरू झाली. जावई रोज चुके. कधी आभार विसरे, कधी शेजाऱ्यांच्या आधी स्वतः घुसे, आणि सासूबाई त्याला फटीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात झापत. पोस्टमनचीही पाळी आली. अनोळखी लोकांसाठी मागायला सांगितल्यावर तो आपल्या टपालाच्या वाटेने निघाला. गल्लीमागून गल्ली, दारामागून दार, कुत्र्यांसकट. एका तपकिरी कुत्र्याला मात्र त्याने वगळलं.

"त्यालाही," सासूबाई म्हणाल्या.

"तो चावतो."

"मग त्याला जास्त गरज आहे."

त्या तपकिरी कुत्र्यावरून तिघांचं कडाक्याचं वाजत असतानाच वरून कुदळीचा आवाज आला. फट रुंदावली आणि एक धुळकट चेहरा आत डोकावला.

"आम्ही पलीकडे निघालो होतो," तो म्हणाला. "म्हटलं, इथे कोण जिवंत असणार. तर आत कोणीतरी कोणाला तरी झापत होतं."

जावई बाहेर आला तेव्हा बायकोने त्याचे दोन्ही दंड धरले. "आई कुठे आहे?"

"अगं, नवं झाकण घेऊन दे यांना," मागून स्ट्रेचरवरून आवाज आला.

पोस्टमन तिथेच एका दगडावर बसला. डावा गाल त्याने उन्हाकडे केला होता. जावयाने खिशातून वस्तरा काढला. कोणीतरी पाण्याची बाटली दिली. उन्हाने त्याचे डोळे दिपत होते, दाढी वेडीवाकडी झाली आणि हनुवटीखाली कापलंही. पोस्टमनने दोन्ही गालांवरून हात फिरवला आणि मगच अँब्युलन्समध्ये चढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई इस्पितळात गेला. सासूबाईंच्या हाताला सलाइन लावलं होतं आणि त्यांचे डोळे मिटलेले होते. तो पलंगाशेजारच्या स्टुलावर बसला. त्यांच्या छातीवरची चादर वरखाली होते आहे ना, ते आधी त्याने पाहून घेतलं. मग हात जोडले.

"देवा, आधी मी."

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"रांग," त्या म्हणाल्या.