बिनसामानाचा कॅमेरा

साताऱ्याच्या अनंतमामांनी स्टुडिओ बंद केला आणि आपला दोन भिंगांचा जुना कॅमेरा भाचीला, क्षमाला देऊन टाकला. रंगीत फोटोंचे दिवस आले होते. लग्नाकार्यात पोरंसोरं खिशात मावणारे कॅमेरे घेऊन मिरवत होती. हा मात्र चांगला डब्याएवढा. गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं, आणि एका रोलात फोटो बाराच. पण क्षमाचं लहानपण मामांच्या डार्करूमच्या दाराशी गेलं होतं. तिनं तो शालीत गुंडाळून, उराशी धरून सांगलीला आणला. एसटीत शेजारच्या बाईनं विचारलंसुद्धा, "बाळ किती महिन्यांचं आहे?"

निघताना तिनं मामांना विचारलं होतं, "मामा, याचं बाकीचं सामान?"

"स्टुडिओ आवरताना कुठं गेलं, कोण जाणे. नवरी नेसत्या साडीनिशी आली, असं समज."

पहिला रोल तिनं कृष्णेच्या घाटावर काढला आणि धुवायला मामांकडे नेला; डार्करूम त्यांनी अजून मोडली नव्हती. मामांनी निगेटिव्ह उजेडाला धरली आणि ते खुदकन हसले. निम्म्या फोटोंवर उन्हाचे डाग पडले होते, उरलेले हलले होते.

"भिंगावर ऊन अडवायला हूड नाही, खाली स्टँड नाही, आणि बटण दाबतेस ते दारावरची बेल वाजवल्यासारखं. कॅमेऱ्याला नावं ठेवू नकोस हो."

क्षमाचा नवरा सुमंत. त्याचं कुपवाडला लेथचं लहानसं वर्कशॉप. फोटोतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण बायकोचं उतरलेलं तोंड कळत होतं. त्यानं भिंगाचं माप घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ॲल्युमिनियमचं झकास हूड करून आणलं. आतून काळा रंग, कडेला मखमलीची पट्टी. भिंगावर अलगद बसलं. क्षमानं आनंदानं दुसरा रोल संपवला, तर प्रत्येक फोटोचे चारही कोपरे काळे! विहिरीच्या तळातून आभाळ बघावं तसे.

"लांब झालंय हे," क्षमा म्हणाली. "बघायचं भिंग वर, फोटोचं खाली. वरच्या काचेत मला हे काळे कोपरे दिसलेच नाहीत."

"मला वाटलं, सावली जितकी जास्त तितकी बरी," सुमंत ओशाळून म्हणाला आणि हूड पुन्हा लेथवर चढवलं.

मग त्यानं बटण लांबून दाबायची वायर करायला घेतली, तीही सायकलच्या ब्रेकच्या तारेतून. दाबली की कॅमेरा बेडकासारखा टुणकन उडे. क्षमा हसून हसून बेजार झाली. शेवटी तोच मिरजेला एका म्हाताऱ्या फोटोग्राफरकडे गेला आणि खरी, लवचीक, टोकाला बटण असलेली वायर मागून घेऊन आला. सर्व्हेचं काम करणाऱ्या मित्राचं सागवानी स्टँड मिळालं. त्याच्या डोक्यावर सुमंतनं कॅमेऱ्याच्या मापाचा स्क्रू बसवला.

सामान जमलं तशी वर्कशॉपमधला आकाराम एकदा म्हणाला, "वहिनी, आमच्या आई-आप्पांचा जोडीचा फोटो न्हाई. काढाल का? आई तेवढी कुणाला दाद देत न्हाई बगा."

दोघं स्कूटरवरून जत तालुक्यातल्या त्याच्या गावी गेले. मागे बसलेल्या क्षमाच्या मांडीवर कॅमेरा, बाजूला बांधलेलं स्टँड. आकारामचे वडील आप्पासो उंच, सडसडीत, सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. आई अंबूबाई ठेंगणी आणि तोंडानं फटकळ.

"मागं एक फोटूवाला आला हुता," तिनं आधीच सांगितलं. "बंदूक धरावी तसा डोळ्याला लावून माझ्यावर रोखला. मी पाठच केली त्याच्याकडं."

क्षमानं कॅमेरा स्टँडवर चढवला, हूड बसवलं आणि मान घालून काचेत बघू लागली. अंबूबाई थोडा वेळ निरखत राहिली.

"अगं बया, ही तर नमस्कार केल्यावानी खालीच बघतीया! हिच्यापुढं बसते मी."

बाभळीच्या सावलीत दोघं बसली, पण मध्ये एक मेंढरू मावेल एवढं अंतर ठेवून. चेहरे लाकडासारखे. क्षमानं फोकस जुळवला, वायर हातात घेतली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"आप्पा, लग्न कुठं झालं हो तुमचं?"

"कुठं म्हंजे? हिच्या बापाच्या वाड्यावर. मेंढरं बसवायची त्यो वाडा. पाऊस न्हाई, पाणी न्हाई. वऱ्हाड तहानेलंच परत गेलं."

"आवं, खोटं नगा बोलू! ताक पाजलं हुतं सगळ्यास्नी," अंबूबाई फिरून नवऱ्यावर डाफरली. पदर घसरला. आप्पासोंनी हात लांबवला आणि तिच्या केसात अडकलेली बाभळीची वाळकी पाती हलकेच काढली.

क्षमाचा अंगठा कधी दाबला गेला, ते तिलाही कळलं नाही.

"काढला? आनि मी बोलत हुते की गं!" अंबूबाई म्हणाली. मग तिनं ती वायर हातात घेऊन उलटीपालटी बघितली. "आता तुमी दोगं बसा. मी दाबते."

सुमंत नको नको म्हणत बसला आणि क्षमाला विचारू लागला, की हूड आणखी थोडं आखूड हवं होतं का. ती म्हणाली, "गप बस ना रे." तेवढ्यात म्हातारीनं दाबलंच.

मामांनी दोन्ही फोटो मोठे करून दिले. बायको नवऱ्याला दटावते आहे आणि नवरा खुशीत ऐकतो आहे, असा तो सुमंत-क्षमाचा फोटो सांगलीच्या घरात लागला. दुसरा आकाराम गावी घेऊन गेला आणि परत आला तो डोकं खाजवत.

"वहिनी, आईनं फोटू ट्रंकेत ठिवलाय. म्हनती, म्हातारा केसाला हात लावतोय, भित्तीला लावला तर लोक काय म्हनतील? तुमास्नी पुन्ना बोलावलंय."

"आवडला नाही का?"

"आवडला न्हाई कसला! घरात कुनी नसलं की काढून बघती. आप्पांनी पकडलं तिला."

पुढच्या रविवारी स्कूटर पुन्हा जतच्या रस्त्याला लागली. या वेळी अंबूबाई नवं लुगडं नेसून, चेहरा करारी करून, समोर बघत बसली. शेजारी फेट्यातले आप्पासो, हात गुडघ्यावर.

"ह्यांस्नी काय इचारू नगंस," तिनं क्षमाला दम भरला. "ह्यो भित्तीसाठी हाय."

क्षमानं हसू दाबलं, मान खाली घातली आणि काचेत त्या दोघांना नीट मधोमध घेतलं.