वृंदाताईंचा मृत्युलेख

कलकत्त्यातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वृंदाताई दरवर्षी एका जिवंत सभासदाचा मृत्युलेख वाचत. ज्याचा नंबर लागे तो पहिल्या रांगेत बसून आपली फजिती ऐके, आणि नंबर लागला नाही म्हणून बाकीचे रुसत. एकाहत्तर साली मात्र त्यांनी स्वतःचाच लिहिला. आतड्याचा कॅन्सर फार पुढे गेला होता. पुढच्या गणपतीचा विषय निघाला की डॉक्टर खिडकीबाहेर बघत.

त्यांचे यजमान जयंतराव आजार कळल्यापासून हसलेच नव्हते. गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीतून आले की बायकोच्या उशाशी तोंड पाडून बसायचे. मरणाची भीती वृंदाताईंनाही होती, चांगलीच होती. पण ते पडलेलं तोंड त्यांना त्याहून सोसवेना. एकदा, फक्त एकदा, हा माणूस खदखदून हसायला हवा होता.

नक्षलवाद्यांच्या धुमश्चक्रीत शहरात रोज बॉम्ब फुटत, माणसं मरत, म्हणून कार्यक्रम दुपारीच ठेवला होता. वृंदाताई मंचावरच्या खुर्चीत बसून वाचू लागल्या.

"दिवंगत वृंदाताईंनी आयुष्यभर भल्याभल्यांना मारलं. अलीकडे शहरात तेच काम इतके जण फुकट करू लागले, की बाईंचा धंदा बसला."

कोणी हसलं नाही.

"त्यांच्यामागे यजमान आहेत. यजमानांना साधं वरण जमेपर्यंत बाईंनी यमाला दारात थांबवलं होतं. शेवटी यमच कंटाळला."

मंडळातल्या श्यामलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. जयंतराव जमिनीकडे बघत होते. वृंदाताईंना दरदरून घाम फुटला. मधली पानं गाळून त्यांनी कसंबसं वाचन संपवलं.

कार्यवाह रघुनाथ उठले. त्या वर्षी इतक्या शोकसभा झाल्या होत्या की बिचाऱ्यांच्या तोंडाला तीच सवय लागली होती. ते म्हणाले, "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

आणि अख्खं सभागृह उभं राहिलं. जयंतरावसुद्धा, मान खाली घालून.

वृंदाताई एकेका चेहऱ्याकडे बघत गेल्या. आपण गेल्यावर असंच होणार तर. हेच चेहरे, हीच खुर्ची, फक्त ती रिकामी.

"रघुनाथराव," त्या म्हणाल्या, "मीही उभी राहू, की मला सूट आहे?"

क्षणभर कोणाला कळेना. मग जयंतराव फिस्सकन हसले, आणि पोट धरून हसतच सुटले. सगळे हसले. रघुनाथांनी कान पकडले. हसता हसताच जयंतरावांना हुंदका फुटला. चारचौघांत कधी बायकोचा हातही न धरलेला तो माणूस मंचावर आला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडू लागला.

वृंदाताई त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. सगळे ताईंच्या तोंडाकडे बघत होते. आता बाई काहीतरी फर्मास बोलणार.

"मला नाही हो जायचं," त्या म्हणाल्या.