नवरोबाचं मत

आमच्या वस्तीत माणूस गेलं की त्याचं नाव फार दिवस रिकामं ठेवत नाहीत. पुढचं जे मूल जन्माला येईल त्याला ते देऊन टाकतात, आणि नावाबरोबर माणूसही परत आलं असं धरून चालतात. माझा नवरा एनोक एका शरदात सीलच्या शिकारीला कयाक, म्हणजे एकट्यापुरती कातड्याची होडी, घेऊन गेला आणि त्याचा जोडीदार पाविआ रिकामी कयाक ओढत घेऊन आला. त्याच हिवाळ्यात माझी लेक डोर्तेआ बाळंत झाली. पोरगं जन्मल्यापासून जे रडत सुटलं ते काही केल्या थांबेना. शेवटी मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "एनोक, आलात का?" आणि पोरगं गप्प. झालं! तेव्हापासून तो माझा नातू नव्हता, नवरा होता.

हसा खुशाल, सगळेच हसायचे. मी त्याला 'अहो' म्हणायची आणि ते शेंबडं पोर मला 'बायको' म्हणून हाक मारायचं. त्याला पहिला दात आला तेव्हा अख्खी वस्ती बघायला लोटली, कारण आधीच्या एनोकचे दात तंबाखूने पार गेले होते आणि आता नवे कोरे परत आले होते. पाविआ तर शिकारीला निघताना त्याला विचारायचा, आज बर्फ वजन पेलेल का? आणि बोट चोखत आमचे हे मान हलवायचे. पाविआने प्रत्येक सीलमधला जोडीदाराचा वाटा, बरगड्यांची एक बाजू, आमच्या दारात आणून ठेवायचं कधी चुकवलं नाही. डोर्तेआ शहरात कोळंबीच्या कारखान्यात कामाला गेली, पोरगा माझ्यापाशीच वाढला. मोठा झाल्यावर तो दुकानातल्या नुकाबरोबर फिरायला लागला तेव्हा बायका मला म्हणाल्या, बिबियाने, तुझ्या नवऱ्याने सवत आणली की गं. मी म्हटलं, आणू दे, निदान भांडी तरी घासेल.

मग त्या हिवाळ्यात, सूर्य नुकता डोंगरामागून परत यायला लागला होता, तेव्हा सगळ्या ग्रीनलँडला तो प्रश्न विचारला गेला. युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं?

हाच प्रश्न दहा वर्षांपूर्वी आला होता, आणि तेव्हा आम्ही नको म्हणालो होतो. थोडेथोडके नाही, दहातले सात जण नको म्हणाले. पण आमची मतं डेन्मार्कच्या मतांत घालून मोजली. तिकडचे लोक हो म्हणाले, म्हणून आम्हीही हो म्हणालो असं ठरलं. मी स्वतः नको म्हटलेलं असताना माझ्या तोंडात दुसऱ्याचा हो कोंबला. असला राग जात नाही हो, जेवताना आठवला तरी घास फिरतो.

एनोकचा अठरावा वाढदिवस त्याच दिवसांत आला. त्याला मताचा हक्क मिळाला होता, तेव्हा मी जरा जास्तच केक भाजले. वाढदिवसाला आमच्याकडे बोलावणं नसतं. दारात बूट काढायचे, कॉफी प्यायची, केक खायचा आणि पुढच्यांना जागा करून द्यायची. पण त्या दिवशी आलेलं कोणी उठेचना. दारात बुटांचा ढीग झाला, खोलीत श्वास घ्यायला जागा नाही, आणि सगळे त्याच एका गोष्टीवर बोलतायत.

यरेमियास मास्तर राहायच्या बाजूचे. ते शाळाही चालवतात आणि रविवारी प्रार्थनाही, त्यामुळे एकदा बोलायला लागले की मध्ये तोंड घालता येत नाही. शहरातला रस्ता, धक्का, मुलांचं वसतिगृह, सगळं कोणाच्या पैशावर झालं ते त्यांनी मांडलं. तो पैसा बंद झाला तर काय सीलची कातडी विकून शाळा चालवणार, असं त्यांचं म्हणणं. पाविआ म्हणाला, कातडी विकूनच तुला वाढवला तुझ्या बापाने. मग दोघांनी एकमेकांचे बाप काढले, केक मात्र एकाच ताटलीतून खात होते.

शेवटी पाविआने नेहमीची गोष्ट काढली. ती वस्तीत सगळ्यांना पाठ आहे. आपल्या जाळ्यांच्या जागेवर एक भलंमोठं परदेशी जहाज मासे ओढत होतं. एनोक कयाक घेऊन त्याच्याजवळ गेला, वल्ह्याने जहाजाच्या कुशीवर ठक ठक केलं आणि म्हणाला, निघा इथून. वरचे खलाशी हसले आणि त्यांनी तंबाखूची पुडी खाली टाकली. एनोकने पुडी उचलली, पाइप भरला, दोन झुरके मारले आणि वल्हं घेऊन पुन्हा ठक ठक.

सगळे हसले. पाविआ माझ्या नातवाकडे वळला आणि म्हणाला, "तूच ठोकलं होतंस ना रे? सांग या मास्तराला. बाहेर पडलो की समुद्र आपला, मासे आपले. जहाजं चालती होतील."

सगळे त्या पोराकडे बघत होते, पण मी शपथेवर सांगते, त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं. मी तर नव्हतेच.

एनोकने कप खाली ठेवला. "मी राहायच्या बाजूने मत देणार आहे," तो म्हणाला.

आवाज चढवला नाही त्याने. जहाजं काही जात नाहीत, आपण बाहेर पडून त्याच जहाजांना मासेमारीचे परवाने विकू, असं म्हणाला. पाविआ म्हणाला, विकू की, पण विकणारे आपण असू, यात फरक नाही का? फरक आहे, एनोकने मान्य केलं. पण त्याला जहाजावरचं शिक्षण घ्यायला डेन्मार्कला जायचं होतं, त्याच्यासारखी आणखी पोरं होती, आणि एवढ्याशा लोकांनी एकटं पडू नये असं त्याला वाटत होतं. बोलला ते काही वेडंवाकडं नव्हतं. आज कळतं. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी म्हटलं, "तुम्ही असं करूच शकत नाही. तुमचं मत काय आहे ते या वस्तीला तुमच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे."

तो माझ्याकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. "मी नवरा असेन तर बायकोने माझं ऐकावं. नातू असेन तर माझं मला ठरवू द्यावं. दोन्हीकडून मीच कसा हरतो?"

त्याने ढिगातून आपले बूट शोधले, हातात घेतले आणि मोज्यांनीच बाहेर पडला. पाविआने खिडकीतून बघितलं आणि तो बर्फात उभा राहून बूट घालतोय एवढं सांगितलं. मग एकेकाला घरची कामं आठवली.

एनोक त्या दिवशी घरी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तो नुकाच्या घरी राहायला गेला. दुकानात गेले तर नुका माझ्या नजरेला नजर देईना. साखर बांधता बांधता हळूच म्हणाली की बर्फ फुटला की पहिल्या बोटीने तो निघणार आहे आणि परत यायचं काही बोलत नाही. मी साखर तिथेच विसरून घरी आले.

घरी कातडं खरवडायला घेतलं. हात चालला की माझं डोकंही चालतं. आधी त्यालाच शिव्या घातल्या, मग डोर्तेआला, मग मास्तरांना, त्यांनीच शाळेत त्याला नकाशे दाखवून बिघडवला म्हणून. शिव्या संपल्या तेव्हा माझ्या मनात आलं, बिबियाने, तो राहायचं म्हणतोय आणि तू त्याचं मत एनोकच्या मतात घालून मोजतेस. डेन्मार्कने तुझं काय वेगळं केलं होतं गं? कातड्याला भोक पडलं. चांगलं कातडं वाया गेलं, त्याचाही संताप आला.

एवढं कळलं म्हणून सुटले असते तर बरं होतं. पण त्याच्यामागे दुसरी गोष्ट उभी होती आणि तिच्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती. हा पोरगा एनोक नसेल, तर माझा एनोक कुठे आहे? इतकी वर्षं मी त्याच्यासाठी रडले नव्हते. कशाला रडू? तो पाळण्यात होता, मग रांगत होता, मग माझ्या भांड्यातली चरबी चोरून खात होता. नातवाला जायला मोकळीक द्यायची तर नवऱ्याला समुद्रात सोडून यायला हवं होतं. आणि नाही दिली, तर पहिल्या बोटीने दोघंही जाणार.

मताच्या दिवशी शाळेच्या खोलीत शेगडी पेटवली होती आणि कोपऱ्यात पडदा लावला होता. टेबलाशी मास्तर बसले होते, पांढरा अंगरखा घालून, शिकारी सणाला घालतात तसा. लोक भिंतीशी रांगेत उभे होते. मत देऊन झालेलेही बाहेर जात नव्हते, कारण आत ऊब होती आणि सगळ्यांना एकच बघायचं होतं. पाविआ शेगडीजवळ होता.

एनोक नुकाबरोबर आला. दारात टोपी काढली, मला बघितलं आणि नजर खाली घातली. रोडावला होता. सवतीने खायला घातलं नव्हतं बहुतेक.

मास्तरांनी नाव पुकारलं, तसा पाविआ पुढे झाला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दुष्टपणाने बोलला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. लाडाने, जुन्या मित्राशी बोलावं तसा बोलला. "ये, जोडीदारा. आज पुन्हा एकदा वल्हं ठोकायचंय."

पोरगा तिथेच थिजला. हात झटकून पाविआचा अपमान त्याच्याने करवत नव्हता आणि पुढे पाऊलही टाकता येत नव्हतं. मग तो माझ्याकडे बघायला लागला. लहानपणी बर्फाच्या भेगेपाशी यायचा आणि पलीकडे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघायचा, अगदी तसा.

मी म्हटलं, "पाविआ, त्याला जोडीदार म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"एनोक बुडाला. माझा नवरा समुद्रात बुडाला. कयाक तूच ओढून आणलीस. हा डोर्तेआचा मुलगा आहे, माझा नातू. याचं मत याचं आहे."

पाविआने हात काढून घेतला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

मी पोराजवळ गेले आणि त्याच्या गळपट्ट्याची गाठ सारखी केली. जन्मापासून ज्याला अहो-जाहो केलं त्याला 'तू' म्हणताना जीभ अडखळली. "जा, बाळा," मी म्हटलं. "तुला हवी तिथे खूण कर."

तो पडद्याआड गेला. त्याच्यानंतर मी गेले आणि बाहेर पडायच्या बाजूने खूण केली. माझं मत मी बदललं नव्हतं, ते कशाला बदलू? परत येताना नुकाने माझा दंड धरला.

निकाल रेडिओवर आला. थोड्या मतांनी का होईना, पण बाहेर पडायचं ठरलं. वस्तीत कोणीतरी बंदुकीचा बार काढला, कुत्री भुंकली, मास्तर म्हणाले की आता पैसे कुठून आणायचे ते पाविआला विचारा. एनोक मत दिलं त्याच दिवशी घरी परत आला होता. तो रेडिओशी बसून होता, हरल्यासारखा. मी म्हटलं, वाईट वाटतंय? हो म्हणाला. मला बरं वाटतंय, मी म्हटलं. तो हसला आणि कॉफीचं पाणी ठेवायला उठला.

तेवढ्यात पाविआ दारात आला. त्याने सील मारला होता, बाहेर घसरगाडीवर तो अर्धा कापलेला पडला होता. मला वाटलं जिंकल्याची ऐट मिरवायला आला असेल. पण त्याच्या हातात बरगड्या होत्या, नेहमीच्या, जोडीदाराच्या, आणि त्या कोणाला द्यायच्या ते त्याला कळत नव्हतं. एनोककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बाहेर गेला. दारातून आम्हाला त्याचा सुरा चालताना दिसत होता.

आमच्याकडे विधवेचा वाटा वेगळा असतो. काळीज आणि खांद्याचं मांस, आणि शिकाऱ्याच्या स्वतःच्या घरी काही जायच्या आधी तो पोचवायचा असतो. वस्तीतल्या सगळ्या विधवांना मिळतो. मला कधीच मिळाला नव्हता, कारण मी विधवा नव्हते.

पाविआ आत आला आणि त्याने ते परातीत ठेवून माझ्या हातात दिलं. मांसातून अजून वाफ निघत होती.

"बिबियाने, हा तुझा," तो म्हणाला. "एनोक गेला, फार वाईट झालं."

नवरा बुडाल्यापासून मला असं कोणी म्हणालं नव्हतं, कारण मी कोणाला म्हणूच दिलं नव्हतं. माझ्या नातवाने पुढे होऊन माझ्या हातातली परात घेतली आणि म्हणाला, "आज्जी, बस तू." मी चुलीशी खाली बसले आणि इतक्या वर्षांचं राहिलेलं रडले, आणि पाविआ दारातच, बूट न काढता, माझ्यासमोर बसून राहिला.