दोन शेपट्यांचा जीव

माणसाने कुणाच्या घरी यावं कसं, याची काही रीत असते. दोन वर्षांत सासू मेली की जगली हे ज्याने फोन करून विचारलं नाही, तो जावई भर दुपारी बेल वाजवतो, बुटांसकट आत शिरतो आणि सासूच्या तोंडाकडे बघायच्या आधी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघतो! फौजदारबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

फौजदार हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते गल्लीने ठेवलेलं नाव. नवरा हयात होता तोवर त्यानेही कुणाची चूक दुरुस्त केली नाही, यावरून काय ते समजावं. शाळेत त्या बेताच्याच गेल्या होत्या, पण समोरचा माणूस खोटं बोलायला तोंड उघडतोय हे त्यांना तोंड उघडायच्या आधी कळायचं. आणि जावई तरी आता कुठला? घटस्फोट होऊन गेलेला. तरी बाई त्याला जावईबापूच म्हणायच्या, कारण त्या शब्दात विष कालवायला जागा पुष्कळ होती.

खिडकीत काचेच्या नळ्या होत्या. बोटाएवढ्या, तोंडाला कापसाचे बोळे, आत सोनेरी-हिरवं पाणी. घरातली सगळ्यात चांगली खिडकी ती. उजेड भरपूर आणि ऊन म्हणून लागायचं नाही. पूर्वी तिथे बाईंची भांडी पालथी असत. लेकीसाठी बाईंनी जागा सोडली आणि रोज एकदा ते बोलूनही दाखवलं.

लेक नद्या-तळ्यांमधलं शेवाळ तपासायची. वीटभट्टीमागच्या तळ्यात तिला हा जीव सापडला होता. शेवाळ म्हणावं तर पोहतो, किडा म्हणावं तर उजेड खाऊन जगतो. दोन लांब शेपट्या चाबकासारख्या मारत जातो. असा कुणी पाहिलाच नव्हता. याच स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने तो पकडला. काचेची नळी ज्योतीवर धरून केसाइतकी बारीक ओढायची, एका टोकाला तोंड लावायचं, डोळा सूक्ष्मदर्शकाला, आणि श्वास रोखून एकच जीव आत ओढायचा. श्वास जरा जास्त झाला की भलतीच जत्रा नळीत. कितीतरी दिवस तिचं तेच चाललं होतं. शेवटी एक सापडला, आणि त्या एकापासून नळीभर वंश वाढला.

आणि तिच्या नवऱ्याने, म्हणजे याच जावईबापूंनी, तो शोध स्वतःच्या नावावर छापला. लेकीचं नाव शेवटी, आभारात, तळ्यात होडी नेणाऱ्या नावाड्याच्याही खाली. बाईंनी आकाशपाताळ एक केलं, तेव्हा लेक म्हणाली, "जाऊ दे आई. त्याचं लिखाण चांगलं आहे." मग चांगल्या लिखाणाला मोठ्या संस्थेत नोकरी लागली, आणि चांगलं लिखाण अर्ध्या नळ्या घेऊन निघून गेलं.

"बसा जावईबापू," बाई म्हणाल्या. खुर्ची होती, पण त्यांनी स्टूल पुढे केलं.

"तब्येत कशी आहे, आई?"

"तुम्ही गेल्यापासून सुधारली. काम बोला."

तो बोलला. उद्या संस्थेत निवडीची माणसं येणार होती. संचालकाच्या खुर्चीसाठी त्याचं नाव पुढे होतं. पण काही विद्वान म्हणत होते की असा जीव नाहीच, नुसतं चित्र काढलंय. त्यांना तो जिवंत, पोहताना बघायचा होता.

"मग दाखवा की. अर्ध्या नळ्या नेल्यात ना?"

"मेल्या. सुट्टीत थंड कपाट बंद पडलं. सगळं पांढरं झालं."

"अगं बाई! सगळ्याच?" एवढी हळहळ बाईंनी सख्ख्या दिरासाठी केली नव्हती. "बाटलीत औषध घालून ठेवलेले असतील ना थोडे?"

"त्यांचा उपयोग नाही. औषध लागलं की शेपट्या गळतात, जीव मसुरासारखा गोल होतो. कुणी ओळखत नाही."

"म्हणजे जिवंतच हवा."

"हो."

"आणि जिवंत फक्त माझ्या खिडकीत."

"हो, आई."

हे 'हो, आई' बाईंनी सावकाश, चव घेत ऐकलं. मनातल्या मनात या नळ्या त्यांनी कितीदा उकळत्या पाण्यात टाकल्या होत्या. त्याचं नाव ज्यावर उभं आहे ते मोरीत ओतून द्यायचं! हात उचलला नाही तो एवढ्याचसाठी, की लेक सकाळी उठून त्या नळ्यांशी बोलायची.

"मला अडाणी बाईला एक सांगा," त्या म्हणाल्या. "हा पहिल्यांदा पकडला कोणी?"

"आम्ही दोघांनी."

"दोघांनी? त्या केसाएवढ्या नळीला तोंडं किती लागतात हो?"

 तो हळूच म्हणाला, "या नळ्या आणखी कुणाला दिल्या तर नाहीत ना तिने?"

"कुठल्या देते! त्या शेवाळसंग्रहाच्या बाई सारख्या फोन करतात. त्यांच्याकडे म्हणे गावोगावचं शेवाळ जिवंत ठेवतात, मागेल त्याला देतात, आणि पकडणाऱ्याचं नाव सोबत जातं. मी म्हटलं, दे की, विरजण मागायला आलेल्याला आपण कधी नाही म्हटलंय? तर म्हणते, त्याला विचारल्याशिवाय कसं देऊ?"

"बरं केलं," तो म्हणाला, आणि त्याचे खांदे सैल झाले.

बाईंची कानशिलं तापली. ज्या पोरीला त्याने नावाड्याच्या खाली बसवलं, ती अजून त्याच्या परवानगीसाठी थांबली होती, आणि याला ते बरं वाटत होतं.

"आई, एकच नळी द्या. तिला कळणारही नाही."

"येऊ दे की तिला. तिच्याच हातून घ्या."

"तिला यायला उशीर होईल. आज तिचा तळ्याचा वार."

"बराच लक्षात आहे वार!"

तो उठून खिडकीकडे वळला. बाईंनी खुर्ची ओढली, खिडकीला पाठ लावून तीत बसल्या आणि लसूण सोलायला घेतला. त्यांना ओलांडून जाईल असा माणूस त्या गल्लीत अजून जन्मला नव्हता. तो पुन्हा स्टुलावर बसला.

लेक आली ती चिखलाच्या बुटांनी, एका हातात बाटल्यांचा क्रेट, दुसऱ्या हातात निथळतं जाळं. त्याला बघून दारातच थबकली.

"का आलास?"

त्याने पुन्हा सगळं सांगितलं. ती हात धूत ऐकत राहिली. मग आईच्या डोक्यावरून हात घालून तिने एक नळी उचलली, उजेडात धरली आणि म्हणाली, "घेऊन जा. जिवंत राहू दे. त्या जिवाचं आपल्याशी काय भांडण?"

बाईंच्या तोंडाशी शिव्या आल्या. पण आरडाओरडा केला की ही पोर हटकून उलटं करते, हे त्या जाणून होत्या. म्हणून त्या, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, हळू आवाजात बोलल्या.

"दे बाई. तुझं आहे, तू दे. फक्त एवढं ऐक. तो तुझ्याकडे मागायला आला नव्हता. तू तळ्यावर असशील तो वार बघून आला. मला म्हणाला, एक नळी द्या, तिला कळणारही नाही."

लेकीने त्याच्याकडे बघितलं. "असं म्हणालास?"

"तुला उगाच त्रास नको, म्हणून अगं..."

नळी परत खिडकीत गेली. लेकीने शेवाळसंग्रहाच्या बाईंना फोन लावला. "मी बोलतेय. हो, तोच. उद्या सकाळी आणून देते. सगळ्यांसाठी खुला ठेवा. पकडणारी म्हणून माझं नाव. नाही, एकटीचंच."

तो ताडकन उठला. "काय केलंस हे! कुणीही मागवेल आता, आणि सोबत नाव तुझं एकटीचं! मग माझं उरलं काय?"

"लिखाण," लेक म्हणाली. "ते चांगलं आहे." आणि जाळं उचलून ती मोरीकडे धुवायला गेली.

तो बाईंकडे वळला. चेहरा अगदी औषध लागलेल्या जिवासारखा गोल, शेपट्या गळालेला. "आई, तुम्ही तरी समजवा तिला! उद्या माझं काय होईल!"

बाईंनी लसणाची सालं गोळा केली, पदर सारखा केला आणि उभ्या राहिल्या. आवाज आता गल्लीच्या टोकापर्यंत जाईल एवढा होता.

"समजावते. पण तिला नाही, तुम्हाला. तुम्ही तिचं काम नेलंत तेव्हापासून मी तुम्हाला दरोडेखोर म्हणत आले. चुकलंच माझं, फार मोठा मान दिला. दरोडेखोर निदान घरात माणसं असताना येतो. घरची बाई बाहेर गेलेली बघून खिडकीला हात घालतो ना, त्याला भुरटा म्हणतात. उद्या त्या मोठ्या माणसांसमोर रिकाम्या हातांनी उभे राहा, आणि जीव कुठे आहे असं त्यांनी विचारलं, की सांगा, जिवंत आहे, पण ज्या बाईने पकडला तिच्याकडे. खुर्ची मिळो न मिळो, तुम्ही भुरटेच राहणार. निघा, आणि दार ओढून घ्या."